मॉवरला डीथॅचर पट्टी लावताना: आधी लॉन बघा, मग पाना उचला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गोव्यात साखळीला घरासमोर सुमारे ३०० चौरस मीटरचं मेक्सिकन लॉन आहे, लावून चारपाच वर्षं झाली. पाय ठेवला की गादीसारखं दबतं, पाणी घातलं तर वरच्यावर राहतं, मधेमधे पिवळे पट्टे आलेत. तुम्ही पेट्रोलच्या ढकलायच्या मॉवरसाठी डीथॅचर पट्टी ऑनलाइन मागवली. म्हणजे नेहमीच्या पात्याच्या जागी बसणारी लोखंडी पट्टी, जिच्या दोन्ही टोकांना स्प्रिंगचे दाते असतात आणि ते गवताखाली साठलेला वाळका थर, म्हणजे थॅच, उपसून काढतात. सोबत नुसती चित्रं आणि चार वेगवेगळ्या चकत्या आल्या. ती जोडायची कशी, चालवायची कशी, आणि गणेश चवथीला पाहुणे यायच्या आत हे उरकेल का?

चवथीचं आधी सांगतो: आत्ता करू नका. श्रावण-भाद्रपदात आपल्याकडची माती पाण्याने भरलेली असते. अशा मातीत दाते फिरले की वाळलेल्या काड्यांबरोबर जिवंत गवतही मुळांसकट उपटून येतं. उघडी पडलेली लाल माती पुढच्या सरीत वाहून गटारात जाते, आणि फाटलेल्या गवतावर बुरशी धरायला चारदोन ढगाळ दिवस पुरतात. मेक्सिकन गवत वाढीला मुळातच सावकाश. चवथीच्या दिवशी अंगणात हिरवळीऐवजी चिखलाची ठिगळं दिसतील.

पट्टी जोडणं हे अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्या लॉनला ती सोसेल का आणि कधी सोसेल, हे ठरवायला मात्र वेळ द्या.

आधी थॅच म्हणजे काय ते पक्कं करू. हिरवी पाती आणि माती यांच्या मधे मेलेल्या आणि अर्धमेल्या देठांचा, धावत्या फांद्यांचा आणि मुळांचा तपकिरी थर साठतो, तो थॅच. कापून पडलेल्या हिरव्या पात्यांमुळे तो होतो असा समज आहे, पण पाती मऊ असतात, लवकर कुजतात, त्यांचा वाटा फार थोडा. साठतात ते चिवट देठ. कुजण्यापेक्षा वाढ जास्त झाली की थर चढत जातो. आपल्याकडे त्याला दोन गोष्टी हातभार लावतात. जांभ्याची माती आम्लधर्मी असते, आणि अशा मातीत कुजवणारे जीवाणू मंद चालतात. दुसरी गोष्ट युरिया. तुमचा माळी दर पंधरा दिवसांनी मूठमूठ युरिया मारतो असं तुम्ही लिहिलंय. त्याने लॉन हिरवंगार दिसतं खरं, पण खालचा थर त्याच वेगाने वाढतो. वर गांडुळं दिसली म्हणून कीटकनाशक ओतलं, तर थर कुजवणारे मदतनीसही गेले.

थर किती आहे ते डोळ्यांनी बघा, अंदाज नको. धारदार सुरीने लॉनमधून केकच्या तुकड्यासारखा तिकोनी तुकडा कापा, साधारण तीन इंच खोल, आणि अलगद वर काढा. वर हिरवं, खाली माती, मधे तपकिरी, तंतुमय, स्पंजासारखा पट्टा दिसेल. तो बोटांनी दाबू नका, मोजपट्टी लावा. १२ मिलिमीटरपर्यंत असेल तर काहीच करायचं नाही. तेवढा थर उपयोगाचा असतो, उन्हात मातीची ओल धरतो आणि पायाखाली मऊपणा देतो. त्याच्या वर गेला की पाणी आणि खत त्यातच अडकतात, मुळं खाली मातीत जायचं सोडून थरातच पसरतात, आणि दोन दिवस पाणी चुकलं की गवत पिवळं पडतं. असे तुकडे चारपाच ठिकाणी काढा, उन्हात, सावलीत, पाऊलवाटेवर. पाहून झाल्यावर परत बसवून पायाने दाबले की पुन्हा धरतात.

हे करताना आणखी दोन गोष्टी तपासा. लांब स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसा. थर पातळ आणि तरी स्क्रूड्रायव्हर जात नसेल, तर जमीन दबून कडक झालीय. तिथे डीथॅचरचा काही उपयोग नाही, फोर्कने भोकं पाडून वाळू-खत भरावं लागेल. दुसरं, पिवळ्या जागेवरचं गवत हाताने ओढून बघा. सतरंजीसारखं सहज उचललं गेलं आणि खाली पांढऱ्या, वाकड्या अळ्या दिसल्या, तर ती हुमणी. मुळंच खाल्लेल्या लॉनवर दाते फिरवले तर अख्खं लॉन गुंडाळून हातात येईल. आधी हुमणीचा बंदोबस्त, मग बाकीचं. झाडाच्या सावलीत पावसाळ्यात साचतं ते हिरवं शेवाळ म्हणजेही थॅच नव्हे. तिथे फांद्या छाटून ऊन येऊ देणं हा उपाय.

आता गवताची जात. बर्म्युडा किंवा सिलेक्शन वन, म्हणजे आपली हरळीच, जमिनीखालूनही कांड्या सोडते. कितीही खरवडलं तरी तीनचार आठवड्यांत भरून येते. रुंद पानाचं, सावलीत लावतात ते कार्पेट गवत नुसतं वरून धावतं. त्याच्या धावत्या फांद्या उपटल्या की मागे काही उरत नाही, म्हणून त्यावर मी यंत्र लावतच नाही. तुमचं मेक्सिकन झॉयसिया कुळातलं. थॅच करण्यात सगळ्यांत पुढे आणि भरून यायला सगळ्यांत मागे, दीडदोन महिने सहज जातात. शिवाय त्याची एक खोड आहे. ते आपणहून उंचवटे करतं. लॉनवर जी टेंगळं दिसतात त्यात माती नसते, गवत आणि थॅचच फुगलेला असतो. तुमची पट्टी आडवी गरगर फिरते. सपाटीवर तिचे दाते नीट काम करतात, पण उंचवटा आला की त्याचं डोकं पार सोलून निघतं आणि शेजारच्या खळग्याला स्पर्शही होत नाही. उंचवटे दोन-अडीच सेंटिमीटरच्या वर असतील, तर माझं स्पष्ट मत असं की त्या भागात पट्टी नको. तिथे लोखंडी दातेरी पंजाने हाताने काम करा आणि खळग्यांत दोन-तीन हंगाम थोडी थोडी वाळू-खत भरत जा. बाकी सपाट भागाला पट्टी चालेल.

वेळ म्हणाल तर ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. पाऊस माघारी गेलेला असतो, माती आतून ओली असते, ऊन लख्ख पडतं आणि गवत अजून वाढीत असतं. दिवाळीत नरकासुर जाळून झाले की कामाला लागा, हे मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो. काम लवकर झालं तर नाताळच्या सुमारास अंगण पुन्हा भरलेलं दिसतं. एप्रिलमध्येही करता येतं, पण तेव्हा रोज पाणी लागतं आणि बऱ्याच घरांच्या विहिरी त्या वेळी तळाला गेलेल्या असतात. केलंच तर एप्रिलच्या सुरुवातीलाच उरका, म्हणजे जूनचा पहिला पाऊस उघड्या मातीवर पडणार नाही.

आता जोडणी. मॉवरची टाकी जवळजवळ रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि सर्वांत आधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला बांधून ठेवा. विजेचा मॉवर असेल तर प्लग भिंतीतून काढा, बॅटरीचा असेल तर बॅटरी काढा. पातं हाताने फिरवलं तरी इंजिन धडकू शकतं, म्हणून यात सवलत नाही. मग मॉवर कलता करा, पण एअर फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर राहील असा. उलट केला तर तेल फिल्टरमध्ये उतरतं आणि नंतर चालू होताना पांढरा धूर काढत बसतो.

जुनं पातं काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. त्यात दोन गोष्टी दिसायला हव्यात. पात्याची धार कुठल्या बाजूला आहे, कारण धार ज्या बाजूला तीच फिरण्याची दिशा. आणि बोल्टखाली कोणत्या चकत्या कोणत्या क्रमाने, कोणत्या बाजूने बसल्यात. वाटीसारखी खोलगट चकती असेल तर तिचं तोंड कुठे होतं ते नीट पाहा. उलटी बसली तर बोल्ट आवळलेला वाटतो पण पकड येत नाही. पातं फिरू नये म्हणून पातं आणि डेक (पात्यावरचं मॉवरचं झाकण) यांच्या मधे लाकडाचा ठोकळा अडकवा, जाड हातमोजे घाला, आणि लांब दांड्याच्या सॉकेट पान्याने बोल्ट सोडवा. आपल्या हवेत बोल्ट गंजून बसतो. आदल्या रात्री गंज सुटायचं तेल मारून ठेवा, हातोडीने ठोकू नका, इंजिनाचा दांडा वाकला तर मॉवरच गेला.

चित्रातल्या त्या चार चकत्या कशासाठी, हा तुमचा नेमका प्रश्न. पट्टीचं मधलं भोक मोठं असतं, आणि प्रत्येक मॉवरचा पातं बसवायचा टप्पा (दांड्याच्या टोकावरची बैठक) वेगळा असतो: कुठे गोल, कुठे तारेसारखा, कुठे दोन खुंट्यांचा. त्यातली एकच चकती तुमची. ती पट्टीच्या भोकात आणि टप्प्यावर हलक्या हाताने, पण अजिबात न हलता बसली पाहिजे. बोटाने हलवून थोडीही खडखडली तर ती तुमची नव्हे. चारही बसत नसतील, तर लेथवाल्याकडून भोक वाढवून घेऊ नका, पट्टी परत करा. मध्यापासून केसभर सरकलेली पट्टी फिरताना मॉवर थरथरतो, बेअरिंग खातो आणि बोल्ट ढिला करतो.

पट्टीची लांबी जुन्या पात्याएवढी किंवा थोडी कमी असावी, जास्त कधीच नको. दाते टोकाला आकड्यात अडकवताना त्यांची दिशा सोबतच्या चित्राप्रमाणेच ठेवा, म्हणजे दगड लागला की दाता मागे लवतो. उलटा बसला तर दाता रुततो आणि तुटतो. पट्टीवर बाण असेल तर तो फोटोतल्या धारेच्या दिशेशी जुळवा. दोन्ही टोकांचे दाते एकाच जोडीतले हवेत, एक नवा एक झिजलेला असं नको. बसवण्याआधी मधल्या भोकात खिळा घालून पट्टी भिंतीवर आडवी टांगा. एक बाजू खाली झुकत असेल तर तोल बिघडलाय. मूळ बोल्टच वापरा, आणि मॉवरच्या पुस्तिकेत जेवढा टॉर्क (आवळायचा जोर) दिलाय तेवढा आवळा. टॉर्क पाना नसेल तर जवळच्या दुचाकी गॅरेजमध्ये मिळतो, पाच मिनिटांचं काम. मग पट्टी हाताने पूर्ण फिरवा. दात्याचं टोक डेकला, गार्डला कुठेही घासता कामा नये.

उंचीचं एक लक्षात ठेवा. दाते पट्टीच्या खाली लोंबतात, म्हणून कापायची नेहमीची उंची इथे लागू नाही. मॉवर सगळ्यांत उंच खाचेवर ठेवा आणि सपाट लादीवर बाजूने वाकून बघा. दात्याचं टोक लादीपासून साधारण एक सेंटिमीटर वर दिसलं पाहिजे. लॉनवर चाकं थरात रुततात, तेवढ्याने टोक बरोबर थराला लागतं.

कामाच्या आदल्या आठवड्यात गवत दोनतीन वेळा थोडं थोडं खाली कापत आणा, एकदम खरवडू नका. आदल्या दिवशी पाणी द्या. माती ओलसर हवी, बोटाने दाबली तर चिकटू नये. मग लॉनवरून चालत सगळे खडे, जांभ्याच्या कपऱ्या, माडाच्या चुडताचे तुकडे वेचा. स्प्रिंकलरची तोंडं, नळाचे व्हॉल्व्ह यांच्याजवळ काठ्या रोवा. पोरं, कुत्री, पाहुणे अंगणाबाहेर. तुमच्या अंगावर फुल पँट, बंद बूट, डोळ्यांवर गॉगल, नाकाला रुमाल, कारण वाळक्या थॅचची धूळ बारीक असते. मॉवरची मागची झडप बंदच ठेवा. तुटलेला दाता बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, त्याच्या आड ती झडप एवढीच भिंत असते.

कोपऱ्यातल्या एका चौरस मीटरवर आधी करून बघा. इंजिन चालू करा, नेहमीच्या चालीपेक्षा हळू, पण न थांबता पुढे जा. जागेवर थांबलात तर गोल खळगा पडतो. ओळीच्या शेवटी हँडल दाबून मॉवरचं तोंड वर उचलू नका, मोठा वळसा घ्या. मग इंजिन बंद करून, सगळं थांबल्यावर, वाकून बघा काय निघालंय. तपकिरी, वायरसारख्या वाळक्या काड्या वर उभ्या राहिल्या असतील आणि हिरवं जागच्या जागी असेल, तर उंची बरोबर. पांढऱ्या, टवटवीत, मुळांना माती लागलेल्या फांद्या निघत असतील, तर खोल जातंय. सगळ्यांत उंच खाच असूनही तसंच होत असेल, तर त्या लॉनला ही पट्टी नको. काहीच निघत नसेल तर एक खाच खाली या, तेही इंजिन बंद करूनच.

मेक्सिकनवर एकाच दिशेने एकच फेरी. आडवी-उभी दोन्ही फेऱ्या हरळीला सोसतात, तुमच्या गवताला नाही. थर २५ मिलिमीटरच्या वर असेल, तर एका वर्षात सगळा काढायचा हट्ट धरू नका. अर्धा यंदा, अर्धा पुढच्या वर्षी. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून बोल्ट आणि दाते तपासा. पहिली थरथर जाणवताच इंजिन बंद.

निघालेला माल बघून दचकू नका. ३०० मीटरमधून पोतीच्या पोती निघतात. बांबूच्या पंजाने गोळा करा, दोनतीन दिवस कडक उन्हात वाळवा आणि मग माडाच्या, सुपारीच्या आळ्यात पसरा. ओला टाकलात तर त्यातल्या जिवंत कांड्या तिथेच रुजतात. लॉनवर अलीकडे तणनाशक मारलं असेल, तर तो माल झाडांना घालू नका.

त्याच दिवशी भरपूर पाणी द्या, आणि बारीक वाळू व चाळलेलं कुजलेलं शेणखत समान मिसळून पाच-सहा मिलिमीटरचा पातळ हात फिरवा. पात्यांची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. गोव्यात नदीची रेती मिळणं अवघड झालंय हे खरं. धुतलेली क्रशरची वाळू चालते. समुद्रावरची वाळू मात्र नको, तिच्यात मीठ असतं आणि ती काढणं बेकायदा आहे. दहा-बारा दिवसांनी नवे कोंब दिसले की १०० चौरस मीटरला अर्धा किलो युरिया, पाण्याबरोबर, एकदाच. माळ्याचं पंधरवड्याचं वेळापत्रक तेव्हापासून बंद करा. मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे ते) तपासून घ्या. तुमच्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात माती तपासणीची चौकशी करता येईल. सामू सहाच्या बराच खाली असेल तर अहवालात सांगितलेल्या प्रमाणात डोलोमाइट टाका. थर कुजवायचं काम मग मातीच थोडंफार करू लागते.

हॉटेलवाल्यांचं मोठं लॉन आणि बसून चालवायचा मॉवर असेल, तर मागून ओढायचा, दोन ओळींत दाते असलेला डीथॅचर बराच सरस. तो उंचसखल जागेवर लवत जातो. त्याचे सगळे नटबोल्ट आधी बोटांनीच लावायचे, दाते एका रेषेत आले की मग आवळायचे, आणि वर ठेवायचं वजन पुस्तिकेतल्या मर्यादेतच. ३०० मीटरला तो घेण्यात अर्थ नाही.

चवथीसाठी आत्ता एवढंच करा: गवत नेहमीपेक्षा थोडं उंच ठेवून धारदार पात्याने कापा, एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. कडा सरळ कापून घ्या. पाणी साचतं तिथे फोर्कने भोकं पाडा आणि चर मोकळे करा. अंगण नीटनेटकं दिसेल आणि लॉनला इजाही होणार नाही.

काम झालं की पट्टी मॉवरवर ठेवू नका. काढून धुवा, पुसा, तेलाचा हात द्या, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात स्प्रिंग गंजून पहिल्याच फेरीत तुटेल. दरवर्षी करायचं का, असंही तुम्ही विचारलंत. पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा सुरीने तुकडा कापा आणि मोजा. १२ मिलिमीटरच्या आत असेल तर पट्टी माळ्यावरच राहू दे. तुमच्या मॉवरचा पातं बसतं तो टप्पा कसा आहे त्याचा फोटो आणि कापलेल्या तुकड्याचं माप पाठवलंत, तर कुठली चकती आणि यंदा किती थर काढायचा ते नेमकं सांगतो.